पांढऱ्या पिलांना जामीन राहिलेली कडूबाई

फसली तेराशे बावीसच्या चैत्रात, म्हणजे इंग्रजी १९१३ साली, धारूरच्या किल्ल्याखालच्या एका आळीत अठरा दिवस कोणाचेही कामात लक्ष नव्हते. बायका भाकरी थापताना मान वर करून छताकडे बघत. तव्यावरची भाकरी करपे, पण त्यावरून कोणी कोणाला बोलत नसे. एक पांढरीशुभ्र, लांब केसांची इराणी मांजर तोंडात पिल्लू धरून एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर फिरत होती. ती उद्या कोणाच्या घरात उतरणार, एवढाच विषय आळीत उरला होता. आणि त्या मांजरीवर कडूबाईच्या नवऱ्याची अब्रू टांगलेली होती.

ही हकीकत मी कडूबाईची मुलगी वत्सलाबाई यांच्याकडून ऐकली. त्या आमच्या शेजारी राहत. सांगायला बसत आणि मांजर तिसऱ्या घरात शिरली की उठून उभ्या राहत.

कडूबाईचे नाव असे का, ते आधी सांगतो. तिच्या आधीची चार भावंडे पाळण्यातच गेली. पाचवी ही झाली तेव्हा आईने मुद्दाम कडू नाव ठेवले, म्हणजे काळाने तोंडात घेतलीच तरी थुंकून द्यावी. ती जगली, लग्न होऊन धारूरला आली. तिथे वरच्या अंगाला एका जहागिरीची कोठी होती. जहागीरदार वर्षाचे दहा महिने हैदराबादेत राहत. कोठीत त्यांच्या बेगमसाहेबा, लग्नाला आलेली मुलगी आणि नोकरचाकर असत. कारभार हशमतअली नावाचे दारोगा पाहत. कडूबाईचा नवरा मुंजाजी कोठीत पडेल ते काम करी. कडूबाई कोठीच्या अंबारखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, ज्वारी पाखडायला आणि निवडायला जाई.

सुपात मूठभर दाणे घेऊन एकदा झटका दिला की हा माल कोणत्या शिवारातला, पाऊस लागलेला की कोरडा, हे ती सांगे. दाण्याबरोबरच तिच्या हाताखाली आणखी एक खाते होते, ते म्हणजे अंबारखान्यातली मांजरे. उंदरांपासून धान्य राखायला कोठीने सहा-सात मांजरे बाळगली होती आणि त्यांची निगा कडूबाईकडे होती. वीस वर्षांत तिने किती वेत पाहिले असतील याची गणती नाही. त्यातला एक बोका पांढराफेक होता. अंगावर दुसऱ्या रंगाचा एक केस नाही. शाळू ज्वारीच्या राशीवर झोपला की दिसायचा नाही, म्हणून तिने त्याचे नावच शाळू ठेवले होते.

आदल्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला निघालेले काबुली घोड्यांचे सौदागर धारूरला उतरले. त्यांच्यातल्या शेरजमान नावाच्या म्हाताऱ्याने वेताच्या पेटीतून एक मांजर आणली होती. चपटे तोंड, आखूड पाय, बोटभर लांब केस, निळे डोळे आणि नखशिखांत पांढरी. बेगमसाहेबांनी ती पाहिली आणि पुन्हा पेटीत जाऊ दिली नाही. तिचे नाव चमेली ठेवले.

सौदागरांचा मुक्काम अंबारखान्याच्या सावलीला होता. शेरजमानला बोलायची हौस आणि कडूबाईला ऐकायची. तो म्हणाला, पांढरी मांजर एकट्या इराणात होते असे नाही. तुर्कांच्या मुलखात अंगोरा म्हणून गाव आहे, तिथली मांजर निमुळत्या तोंडाची, रेशमी केसांची आणि शेपूट चवरीसारखी. त्याच मुलखात वान नावाचे तळे आहे, त्याच्या काठची पांढरी मांजर पाण्यात उतरून पोहते. यावर पाखडणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. विलायतेतसुद्धा आखूड केसांची, गुबगुबीत पांढरी मांजरे असतात, असेही त्याने सांगितले. शेवटी म्हणाला की पांढरा हा रंग आहे, ती जात नव्हे, तो कुठल्याही जातीच्या अंगावर येऊन बसतो.

कडूबाईने राशीवरच्या शाळूकडे बोट दाखवले. "मग ह्यो कुण्या मुलखाचा?"

"ये धारूर विलायत का है," शेरजमान गंभीरपणे म्हणाला.

बेगमसाहेबांच्या मुलीचे लग्न ठरले होते. वैशाखात तिची हैदराबादेला पाठवणी व्हायची होती. तिच्या सासूला मांजरांचा शौक. बेगमसाहेबांनी शब्द देऊन टाकला की मुलीबरोबर पांढऱ्या पिलांची एक जोडी येईल, आणि अंगावर डाग शोधून सापडणार नाही. मोमीनाबादेला छावणीतल्या एका रिसालदाराकडे पांढरा इराणी बोका होता. माघात चमेलीला मेण्यात बसवून तिकडे नेऊन आणले. बरोबर मुंजाजी गेला. परतल्यावर चमेलीची सगळी निगाही त्याच्याकडेच आली. दूध देणे, केस विंचरणे, संध्याकाळी पेटीचे दार लावणे. मुंजाजी अबोल माणूस. दिवसभरात दहा शब्द बोलला तर पुष्कळ. पण मांजर त्याच्या मांडीवर झोपे.

गुढीपाडव्यानंतर चौथ्या दिवशी चमेली नाहीशी झाली. पेटीचे दार उघडे होते. दुर्दैवाने त्याच सकाळी काबुल्यांचा तांडा परतीच्या वाटेवर धारूरवरून पुढे गेला होता.

दारोग्याने दोन गोष्टी एकत्र केल्या. मुंजाजीने पोटुशी मांजर सौदागरांना परत विकली, असे त्याचे म्हणणे पडले. त्यालाही हैदराबादेला जाब द्यायचा होता, कोणाचे तरी नाव पुढे करणे भाग होते. मुंजाजीला विचारले तर तो एवढेच म्हणाला की दार म्या लावलं व्हतं. तबेल्याशेजारच्या खोलीत त्याला कोंडले आणि दफ्तरात त्याच्या नावापुढे चोरीचा शक, म्हणजे संशय, लिहिला गेला.

ही बातमी तीन दिवसांत वडवणीला पोचली. तिथे गहिनीनाथ म्हणून कडूबाईचे व्याही होते, शेतकरी, माणूस वाईट नव्हे पण लोकांच्या बोलण्याला फार जपणारा. त्यांच्या घरी दिलेल्या वत्सलाला दिवस गेले होते, तिसरा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. गहिनीनाथाने निरोप धाडला की मुंजाजीच्या नावावरचा डाग निघेपर्यंत सून धारूरला येणार नाही. चोराच्या घरात आमचा नातू जन्मणार नाही.

कडूबाईला नवऱ्याच्या कोठडीपेक्षा हा निरोप जास्त लागला. वत्सलाच्या सासरी सासू नव्हती. बाळंतपणाला घरात बाईमाणूस म्हणून कोणी नव्हते. पोर सतरा वर्षांची. कडूबाईने सूप भिंतीला टेकवले आणि मांजर शोधायला निघाली.

कोठीचे नोकर दोन दिवस गावभर "चमेली, चमेली" अशा हाका मारत फिरत होते. कडूबाईने हाक मारली नाही. अंबारखान्यात पूर्वी एक निळ्या डोळ्यांची पांढरी मांजर होती, तिच्या शेजारी पोते आदळले तरी ती कान हलवत नसे. पांढऱ्या अंगावर निळे डोळे असले की मांजर पुष्कळदा बहिरी असते, हे तिला तेव्हापासून ठाऊक होते. जिला ऐकू येत नाही तिला हाक मारून काय उपयोग? ती मारुतीच्या पारावर जाऊन बसली आणि साळुंक्यांकडे कान लावून राहिली. साळुंक्यांना मांजर दिसली की त्या गप्प बसत नाहीत. दुपारी उन्हात सगळी आळी निजली असताना भिवराबाईच्या माळवदावर कालवा उठला.

भिवराबाई म्हणजे आळीतली सगळ्यात मोठी बाई, वयानेही आणि आवाजानेही. दोघी शिडीवरून आत माळ्यावर चढल्या. गवऱ्यांच्या मागे, जुन्या वाकळेवर चमेली पडली होती आणि तिच्या पोटाला दोन पांढरी पिल्ले लागली होती.

कडूबाईला वाटले, धावत जाऊन कोठीवर सांगावे. हात पुढे गेलाही. भिवराबाईने तो मनगटाला धरून मागे ओढला.

"हात लावू नगंस. सात घरं फिरल्याबिगर मांजर पिल्लं कुणाच्या हाती देत न्हाई. मधीच उचललीस तर टाकून देईल, न्हाईतर खाईल. तुला म्या सांगावं व्हय?"

हे कडूबाईला सांगायला नको होते. मांजर आपल्या पिलांना सात घरे दाखवते आणि तोवर पिलांचे डोळे उघडत नाहीत, ही समजूत साऱ्या मुलखात. तिने स्वतः एकदा घाई करून वेत उचलले होते आणि सकाळी त्यातले एकही राहिले नव्हते. पण सात घरे व्हायला पंधरा-वीस दिवस. तोवर नवरा कोठडीत आणि वडवणीचे दार बंद. दुसरीकडे, आज नेली आणि पिल्ले मेली, तर चोरीवर हत्येचे पाप. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान द्यावी लागते म्हणतात, ते तिच्या सात पिढ्यांना जमणारे नव्हते.

ती तशीच उठली आणि सरळ कोठीवर गेली. ड्योढीवरच्या, म्हणजे मुख्य दारावरच्या, बाईला सांगून बेगमसाहेबांच्या चिकाच्या पडद्यापुढे उभी राहिली. मांजर सापडली, दोन पिल्ले आहेत, दोन्ही पांढरी, आणि सात घरे झाल्याशिवाय मी ती आणणार नाही, असे तिने एका दमात सांगून टाकले. दारोगा तिथेच होता. त्याने लगेच दोन माणसे पाठवायची भाषा केली.

पण बेगमसाहेबाही हैदराबादेत दाईच्या हाताखाली वाढलेल्या. सात घरांची गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकलेली होती. चिकाआडून आवाज आला, "हौ, सात घर फिरने देव. हात नक्को लगाव. पन बच्चे मेरे कू बेदाग होना."

मुंजाजीला मात्र सोडले नाही. पिल्ले घरी येऊ देत, मग बघू, असे दारोगा म्हणाला.

आणि मग ते अठरा दिवस सुरू झाले. भिवराबाईच्या माळ्यावर चमेली तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी भर दुपारी ती साण्यातून, म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, पिल्लू तोंडात धरून वर आली. आळीत एकच धावपळ. घराघरांची साणी उघडी झाली. पावसासाठी झाकून ठेवलेले दगड लोकांनी बाजूला सारले. ज्याच्या घरी ती उतरेल त्याने चूल वेगळ्या कोपऱ्यात नेली, कुत्रे मळ्यात पाठवले. सरस्वतीबाईच्या घरी उतरली तेव्हा तिने तीन दिवस जाते फिरवले नाही, शेजारून पीठ आणले. कोणी पिलांच्या वाटेत दुधाची वाटी ठेवी, कोणी मऊ लुगड्याचे धडपे. ज्यांच्याकडे ती अजून गेली नव्हती ते उगीच रुसून बसले. एका घरी तर नवरा-बायकोचे भांडण झाले, की तू सकाळी साण्याखाली मिरच्या भाजल्यास म्हणून ती पुढे गेली.

वडवणीहून पुन्हा निरोप्या आला, त्याला आळीतल्या पोक्त माणसांनी दोन दिवस मुद्दाम ठेवून घेतले. एका घरातून दुसऱ्या घरी मांजर स्वतःच्या पायांनी जाते हे त्याने डोळ्यांनी पाहावे आणि तिकडे जाऊन सांगावे. त्याने पाहिले, त्याला मौजही वाटली. पण गहिनीनाथाने तिकडून विचारले, मग दफ्तरातला शक का खोडला नाही?

कडूबाई रोज दोनदा पिल्ले बघून येई. हात लावत नसे. पाचव्या घरी घोटाळा झाला. पिलांचे डोळे उघडले.

सात घरे झाल्याशिवाय डोळे उघडत नाहीत आणि इथे पाचव्याच घरी चार निळे मणी चमकत होते. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळी आळी जमली. शास्त्र खोटे पडणे तर शक्य नव्हते, तेव्हा मोजणीत चूक असली पाहिजे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. कोणी म्हणाले, वाटेत ती घटकाभर कडब्याच्या गंजीत थांबली होती, ते एक घर धरा. भिवराबाईने कोठी हे पहिले घर ठरवले, कारण पोटात घेऊन निघाली तिथूनच. पाच आणि दोन सात झाली. कडूबाईने यावर काहीच वाद घातला नाही. तिला घाई होती. शिवाय डोळे उघडलेली पिल्ले आई टाकत नाही, हे ती वीस वर्षे पाहत आली होती.

अठराव्या दिवशी सकाळी तिने पिल्ले सुपात घेतली. चमेली आपोआप मागे आली. सूप डोक्यावर, मागे मांजर, मांजरीमागे आळीतल्या बाया, अशी मिरवणूक कोठीच्या ड्योढीपर्यंत गेली.

अंगणात उजेडाला पिल्ले पाहिली आणि दारोग्याचा चेहरा बदलला. पिलांची लव आता वाढली होती. दोन्ही पिलांच्या डोक्यावर, बरोबर दोन कानांच्या मध्ये, अंगठ्याने काजळ लावावे तसा करडा डाग होता. त्याने जमलेल्या माणसांसमोर सांगितले की आई पांढरी, बाप पांढरा, मग डाग कुठून आला? ही कोठीची पिल्लेच नव्हेत. खरी पिल्ले मागाहून काबुल्यांकडे पोचवली आणि अंबारखान्यातली गावठी पिल्ले मांजरीला लावून दिली. म्हणजे कडूबाईही चोरीत सामील.

कडूबाईने सूप खाली ठेवले. वत्सलाबाई म्हणत, आई तिथे रडली असती तर सगळे संपले असते. पण तिने दारोग्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती अंबारखान्याकडे चालू लागली आणि थोड्या वेळाने दुसरे मोठे सूप घेऊन आली. त्यात तिने नमुने मांडले, अगदी धान्याचे मांडतात तसे. एका कडेला शाळूच्या वेतातले महिन्याचे पांढरे पिल्लू, डोक्यावर काळा ठिपका स्पष्ट. मध्ये चार महिन्यांचे, ठिपका विरून पाच-सहा केस उरलेले. त्यापुढे आठ महिन्यांची मांजर, तिच्या डोक्यावर बोटाने केस उलटे केले तरी काही सापडेना. आणि शेवटी काखेतून आणलेला शाळू. तो सुपात मावेना आणि बसेना, म्हणून तिने त्याला तसाच धरून ठेवला.

"बेगमसाब, ह्या शाळूच्या टकुऱ्यावर बी असाच डाग व्हता. म्या माझ्या हातानं पुसाया गेलते, लहान व्हता तवा," ती चिकाकडे तोंड करून म्हणाली. "पांढरा रंग वाकळंवरल्या धोतरावानी असतोय. आत कसल्या चिंध्या हायेत ते पिल्लू जन्मताना जरासं डोकावतं, मग झाकून जातं. ह्यो डाग दसऱ्यापत्तोर ऱ्हात न्हाई."

दारोगा म्हणाला, आणि राहिला तर?

"तर गावात दवंडी पिटा, कडूबाई चोराची बायकू हाय म्हणून. म्या पिलांना जामीन ऱ्हाते."

बेगमसाहेबांनी सूप आत मागवले. आत मायलेकींनी एकेक पिल्लू खिडकीशी नेऊन पाहिले, हसण्याचा आवाज आला. शाळूनेही आत जाऊन कोणाला तरी बोचकारले. बाहेर निकाल आला तो असा की पिल्ले हैदराबादेला जातील, मुंजाजीला कडूबाईच्या जामिनावर सोडावे, आणि दफ्तरातला शक दसऱ्यापर्यंत तसाच ठेवावा. डाग गेल्याचे पत्र आले तर खोडावा.

मुंजाजी खोलीतून बाहेर आला तेव्हा आधी चमेलीने त्याच्या पायाला अंग घासले. तो खाली बसला आणि तिच्या केसांतली गवरीची कुसे काढू लागला. दारोग्यासमोर, भर अंगणात. मग पेटी मागवून दाराचा उलगडा त्यानेच केला. पेटीच्या दाराची वेताची कडी मांजरीने आतून चावून तोडली होती. इतक्या दिवसांत ती कडी बघावी असे कोणाच्या मनात आले नव्हते.

वैशाखात पिल्ले वरातीबरोबर गेली. त्यानंतरचे पाच महिने कडूबाईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. वत्सलाला सातवा लागला. ओटी भरायला ही वडवणीला गेली, तर गहिनीनाथाने पाटावर बसवले, जेवू घातले, आणि पत्र आले का विचारले. नाही म्हटल्यावर विषय बदलला. आठव्या महिन्यात पोटुशीला हलवत नाहीत. नववा लागेल तो दसऱ्याच्या आठ दिवस आधी. म्हणजे पत्र आले तरी हातात दिवस थोडेच. कडूबाई टपालाच्या दिवशी ड्योढीसमोर उभी राहू लागली. टपालवाला लांबूनच मान हलवी.

घटस्थापना झाली. नववा लागला. पत्र नाही. कडूबाई रोज शाळूच्या डोक्यावरून हात फिरवी आणि स्वतःशीच म्हणे की ह्याचा गेलता, त्यांचा कावून जाणार न्हाई?

पाचव्या माळेला दुपारी ती पाखडत बसली होती. सगळ्या बाया ओळीने बसलेल्या, सुपांचा आवाज चाललेला. दारात दारोगा येऊन उभा राहिला. हातात उर्दू कागद. बेगमसाहेबांचा हुकूम होता की हा कागद दारोग्याने स्वतः अंबारखान्यात जाऊन, बायांसमोर वाचून दाखवावा. सगळी सुपे थांबली.

मुलीने आईला लिहिले होते. पहिल्या पिलाचा डाग श्रावणातच गेला. दुसऱ्याचा रेंगाळला होता, सासूबाई रोज भिंग घेऊन बघत. मागच्या जुम्म्याला तोही गेला. दोन्ही पिल्ले आता दुधासारखी आहेत. एकाचे दोन्ही डोळे निळे राहिले, ते हाक मारली तरी वळत नाही. दुसऱ्याचा एक डोळा निळा आणि एक पिवळा आहे, ते एकाच कानाने ऐकते आणि बघायला घरोघरच्या बेगमा येतात.

"जरा मोठ्यानं वाचा की, दारोगासाब," भिवराबाई दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते कोणाला कळले नव्हते. "मागं आमाला ऐकू येत न्हाई. आमी बी त्या पिलावानी."

बाया हसल्या. दारोगाही पहिल्यांदाच हसला आणि आवाज चढवून पुढे वाचू लागला. पहिल्याचे केस बोटभर झाले. दुसऱ्याचे मात्र आखूडच राहिले आणि नाकही चपटे झाले नाही. सासूबाई म्हणतात, हे कुठल्या मुलखाचे? आम्ही सांगितले, असेल अंगोऱ्याचे.

इथे दारोगा थांबला. त्याची नजर पोत्यांवर पसरलेल्या शाळूकडे गेली. मग कडूबाईकडे. कडूबाईने सूप तोंडापुढे धरले होते आणि सुपातले दाणे हलत होते. दारोग्याने क्षणभर विचार केला, कागदाची घडी घातली आणि म्हणाला की पत्र संपले, डाग गेला, शक खोडला. कोठीच्या मोहोरेची चिठ्ठी ये आणि घेऊन जा.

ती उठली तशी पळत सुटली. पदराला कोंडा तसाच. मुंजाजीने तोवर सरस्वतीबाईच्या नवऱ्याची बैलगाडी जुंपली होती. पाखडणाऱ्या बायांपैकी कोणी तरी त्याला आधीच जाऊन सांगितले होते. गाडीत कडबा, कडब्यावर वाकळा, वाकळांवर पाण्याची घागर. चिठ्ठी कनवटीला लावून दोघे तिसऱ्या प्रहरी निघाले. घाटाच्या उताराला मुंजाजी स्वतः खाली उतरून बैलांपुढे चालला. अंधार पडायच्या आत वाटेवरच्या वस्तीत पोचले आणि सकाळी न्याहारीच्या वेळेला वडवणीत.

गहिनीनाथ ओसरीवर होते. कडूबाईने चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट केली. मोहोर ओळखली, पण उर्दू वाचता येईना. वाचणारा मुन्शी गावात एकच आणि तो पूजा उरकल्याशिवाय बाहेर पडत नसे. गहिनीनाथ म्हणाले, बसा, पाणी घ्या, मुन्शीला बोलावतो, त्याच्या तोंडून ऐकतो आणि चार माणसांसमोर ऐकतो, मग पुढचे बोलू. कडूबाई बसली नाही. मुन्शीकडे माणूस गेला, परत आला, पुन्हा गेला. ओसरीवर शेजारीपाजारी जमले. पिलांची हकीकत कडूबाईने उभ्या उभ्या दोनदा सांगितली.

मुन्शी आला, चष्मा शोधू लागला. तेवढ्यात गाडीचे बैल हलले आणि घुंगरे वाजली. सगळ्यांनी वळून पाहिले. वत्सला गाठोडे पोटाशी धरून गाडीत कडब्यावर बसली होती. मागच्या दाराने केव्हा आली आणि नवव्या महिन्यात गाडीवर चढली कशी, हे तिने कधीच नीट सांगितले नाही. मुंजाजी गाडीच्या चाकापाशी उभा होता आणि त्याचा हात अजून तिच्या पाठीमागे होता.

"अहो, कागद तर वाचून होऊ द्या, व्याही," गहिनीनाथ म्हणाले.

"वाचा तुमी," मुंजाजी म्हणाला. "आमी निघतो." आणि त्याने कासरा ओढला.